शेवटच्या कडव्यातलं नाव

१

गेल्या १४ एप्रिलला आमच्या तालुक्याच्या गावात मिरवणूक निघाली. पुढं डीजेची गाडी, मागं पोरं. तिसरं जे गाणं वाजलं ते माझ्या आज्यानं लिहिलेलं. मी ओळखलं, आईनं ओळखलं, वस्तीतल्या दोन म्हाताऱ्यांनी ओळखलं. बाकी कुणाला पत्ता नाही. गाण्याची कडवी पाच. डीजेवर तीनच वाजली. आज्याचं नाव पाचव्या कडव्यात होतं.

पोरांना विचारलं, गाणं कुणाचं रे? त्यांनी मोबाईल पुढं धरला. गायकाचं नाव होतं. मिक्स करणाऱ्याचं नाव त्याहून मोठ्या अक्षरात होतं. गीतकाराच्या जागी लिहिलं होतं: पारंपरिक.

मित्रांनो, माझा आजा परंपरा नव्हता. तो मुंबईत गिरणीच्या त्रासनखात्यात होता. पाळी सुटली की रात्री चाळीत जलसा, तिथं तो झील धरायचा. १९८२ चा संप मोडल्यावर गावी आला तो एक पत्र्याची ट्रंक घेऊन. ट्रंकेत एकतीस गाण्यांच्या चोपड्या, बारा कॅसेटी आणि एक चरा गेलेली तबकडी. घरात खायला नव्हतं तेव्हाही त्यानं ती ट्रंक रद्दीवाल्याला दाखवली नाही.

मी आता सूतगिरणीत रिंगखात्यात आहे. सुट्टीच्या दिवशी त्यातल्या चार चोपड्या पिशवीत घालून एका मोठ्या ग्रंथालयात गेलो. म्हटलं, या ठेवून घ्या. तिथल्या साहेबांनी चोपडी उलटसुलट पाहिली. म्हणाले, हे पुस्तक नाही, याला पाठकणा कुठाय? फळीवर उभं कसं राहणार? कॅसेटी घेता का, विचारलं. तर म्हणाले, वाजवायला यंत्र नाही. मी म्हटलं, बरं, वस्तू राहू द्या, नुसती नोंद तरी करा. त्यावर ते म्हणाले, "करतो. पण कशाखाली करू?"

मला राग आला. उठून आलो. पण रात्रपाळीत साच्यासमोर उभा राहिलो की तो प्रश्न डोक्यात फिरायचा. कशाखाली करू? त्या माणसाची आडकाठी सोडा, प्रश्न खरा होता. तेव्हापासून आठवड्याच्या सुट्टीला बसून जे वाचलं, विचारलं, समजून घेतलं, ते इथं मांडतो. मी ग्रंथपाल नाही. चुकलो तर कान धरा.

२

आधी नोंद म्हणजे काय ते आपल्या भाषेत बघू. सूतगिरणीत प्रत्येक कोनाच्या आत कागदी नळी असते. काउंटप्रमाणे तिचा रंग वेगळा. चाळीसचा काउंट तिसात मिसळला तर पुढं कापडात पट्टा पडतो. म्हणून ज्या कोनाची ओळख पटत नाही तो कोन बाजूला जातो, सूत कितीही चांगलं असो. नोंद म्हणजे ती नळी आणि तिच्यावरची चिठ्ठी.

ग्रंथालयात ही चिठ्ठी म्हणजे कार्ड. साडेबारा सेंटिमीटर लांब, साडेसात रुंद, खाली एक भोक, त्यातून सळई जाते. आता बऱ्याच ठिकाणी ते संगणकात गेलं, पण हिशेब तोच आहे. एका वस्तूचं एक मुख्य कार्ड, ते कुणाच्या तरी नावाखाली. मग जोडकार्डं: विषयाचं, नावाचं, साथीदाराचं. आणि एक फार कामाचं कार्ड असतं, त्यावर नुसतं लिहिलेलं असतं, "पाहा". महबूब हुसेन पटेल शोधायला गेलात तर कार्ड म्हणतं, अमर शेख पाहा. तुकाराम भाऊराव साठे शोधलंत तर म्हणतं, अण्णा भाऊ साठे पाहा. हे एक कार्ड नसेल तर माणूस दोन ठिकाणी तुटतो, किंवा एकाही ठिकाणी सापडत नाही. आपल्याकडे तर कर्डकच दोन. जलशाचे भीमराव कर्डक आणि गीतकार वामनदादा कर्डक, दोघंही नाशिक जिल्ह्याचे. कार्ड लिहिणारा सावध नसला तर एकाची गाणी दुसऱ्याच्या खात्यावर.

पुस्तकाचं कार्ड सोपं. गाण्याचं अवघड. कारण गाण्याला बाप अनेक असतात. शब्द एकाचे, चाल दुसऱ्याची, गळा तिसऱ्याचा, ढोलकी चौथ्याची, आणि पैसे पाचव्याचे. कार्डावर पहिलं नाव कुणाचं?

युरोपनं हा प्रश्न आपल्या परीनं सोडवला. तिकडं संगीत म्हणजे कागदावर सुरांच्या खुणा लिहून छापलेली पानं. ज्यानं ती लिहिली तो धनी. मोझार्ट १७९१ ला मेला. त्याच्या रचना इकडंतिकडं पडलेल्या, काही दुसऱ्यांच्या त्याच्या नावावर चढलेल्या. १८६२ साली ऑस्ट्रियातल्या लुडविग फॉन केखेल नावाच्या माणसानं त्याची यादी छापली. पहिल्यापासून शेवटपर्यंत ६२६ नंबर. नुसती नावं नाहीत, प्रत्येक रचनेच्या सुरुवातीचे सूर छापले, म्हणजे नाव बदललं तरी सुरांवरून ओळख पटावी. आज जगात कुठंही मोझार्ट वाजला तर नंबर केखेलचा लागतो. हा केखेल पेशानं संगीतवाला नव्हता. कायदा शिकलेला, राजघराण्यातल्या पोरांची शिकवणी केलेला, आणि नाद झाडपाल्याचा नि दगडांचा. झाडांची नोंद जशी ठेवतात तशी त्यानं गाण्यांची ठेवली. हे मी मुद्दाम सांगतोय. पदवीवाचून हे काम होत नाही असं कुणी म्हणालं तर केखेल पुढं करा.

पुढं १९५१ साली संगीत ग्रंथालयांची आंतरराष्ट्रीय संघटना निघाली. वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयानं १९५३ पासून तबकड्यांची छापील कार्डं काढली. ज्याची गाणी कागदावर सुरांत लिहिलेली होती, त्याची सोय झाली.

३

आपल्याकडं धनी ओळखायची पद्धत आधीपासून होती, आणि ती कागदाशिवायची होती. ती गाण्याच्या पोटातच असायची. अभंगाच्या शेवटी तुका स्वतःचं नाव घालतो, चोखा घालतो. सोयराबाई आपली ओळख चोखोबाची महारी अशी देते. पिढ्यान्‌पिढ्या लिहिता न येणाऱ्या माणसांच्या तोंडून अभंग फिरले, पण नाव बरोबर फिरलं. याला मुद्रा म्हणतात. शाहिरांनी तीच रीत उचलली. पोवाडा संपताना शाहीर आपलं नाव, गाव, कधी गुरूचं नाव सांगतो. वामनदादांच्या शेवटच्या कडव्यात वामन येतोच. ज्याला कुणी कागदावर धरून ठेवणार नव्हतं, त्यानं स्वतःचं कार्ड स्वतःच्या गाण्यात शिवून ठेवलं.

आणि ही गंमत बघा. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्याला आला आणि गौहर जानचं गाणं धरलं. त्या तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोवरला जात. तिथल्या कामगाराला काय कळणार, कुठलं गाणं कुणाचं? म्हणून गाणं संपलं की गौहर जान इंग्रजीत स्वतःचं नाव बोलून मोकळी व्हायची. लोकांना वाटतं बाई मिरवत होती. ती चिठ्ठी लावत होती. बाई कोठ्यावरची, तिचं नाव दुसरं कोण जपणार होतं?

त्याच काळातल्या तबकड्यांवर आणखी एक शब्द दिसतो. कुलीन घरातली बाई किंवा बाप्या गायला, तर नावापुढं कंसात "अमॅच्युअर" छापायचे. म्हणजे ही हौसेनं गाते, पोटासाठी नाही, हिला त्यांच्यातली समजू नका. तीन इंचांच्या लेबलावरसुद्धा जातीची भिंत उभी केली होती. लेबल वाचायला शिका, मित्रांनो. सातबारा वाचतो तसं.

पण तबकडीनं मुद्रेचा घातही केला. ७८ च्या वेगाची दहा इंची तबकडी एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं वाजते. गाणं मोठं असलं की कापायचं. कापताना सुरुवात कशी कापणार? शेवट कापायचा. आणि आमचं नाव तर शेवटाला. जे डीजेनं माझ्या आज्याचं केलं ते यंत्र आल्या दिवसापासून चाललंय.

४

आता चोपड्यांकडं येऊ. कारण आपलं छापील संगीत म्हणजे चोपडी.

जलशाच्या चोपडीत सुरांच्या खुणा नसतात. गाण्याच्या डोक्यावर एक ओळ असते: चाल, आणि पुढं कुठल्या तरी माहितीतल्या गाण्याचे दोन शब्द. कधी जुनी लावणी, कधी सिनेमाचं गाणं, कधी भजन. ती एक ओळ म्हणजे आमचं नोटेशन. ज्याला ती चाल ठाऊक आहे त्याच्यापुढं अख्खं संगीत उभं राहतं. त्यावरून गाणं कुठल्या सालानंतरचं तेही कळतं, कारण सिनेमा येण्याआधी त्याची चाल कशी येईल? माझ्या ट्रंकेतल्या सात चोपड्यांवर साल छापलेलं नव्हतं. चालीवरून मी पाचांचा काळ लावला.

पण ग्रंथालयाच्या लेखी हे संगीतही नाही आणि पुरतं पुस्तकही नाही. हे कसं झालं त्याला इतिहास आहे.

१८५७ चा भडका बघून इंग्रज शहाणा झाला. १८६७ साली त्यानं २५ नंबरचा कायदा केला. छापखान्यानं छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत सरकारात द्यायची, सरकार त्याची नोंद ठेवणार, आणि दर तीन महिन्यांनी यादी गॅझेटात छापणार. नाव, भाषा, लेखक, विषय, पानं, किती प्रती काढल्या, किंमत काय, सगळे रकाने. हेतू ज्ञानाचा नव्हता. नेटिव्ह काय छापतो यावर नजर. पण त्या भीतीपोटी इंग्रजानं चार पानी पोवाडासुद्धा हिशेबात धरला. कायदा झाल्यावर दोनच वर्षांनी, १८६९ ला, जोतीरावांचा शिवाजीराजांवरचा पोवाडा छापला गेला. म्हणजे आपल्या विचाराच्या गाण्याचं छापणं आणि सरकारी नोंद जवळपास एका वयाची आहेत.

स्वातंत्र्य मिळालं. १९५४ साली नवा कायदा आला, ग्रंथालयांना पुस्तकं पोचती करण्याचा. प्रकाशकानं तीस दिवसांच्या आत स्वतःच्या खर्चानं प्रत पाठवायची, कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि ठरवलेल्या इतर ग्रंथालयांना. त्यात मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालयही आहे. नाही पाठवली तर दंड पन्नास रुपयांपर्यंत आणि वर पुस्तकाची किंमत. पुस्तक म्हणजे काय, हेही कायद्यात लिहिलंय. त्यात पत्रिका येते, म्हणजे आपली चोपडी आली. त्यात स्वतंत्र छापलेला संगीताचा कागदही येतो. वाचून बरं वाटलं.

पण पुढची पायरी बघा. आलेल्या पुस्तकांवरून राष्ट्रीय ग्रंथसूची निघते, १९५७-५८ पासून. त्या सूचीतून काय वगळायचं याची यादी तिनंच दिली आहे. नकाशे वगळा. संगीताच्या छापील लिप्या वगळा. गाईडं वगळा. आणि क्षणजीवी स्वरूपाचं साहित्य वगळा.

क्षणजीवी! आठ आण्याला जयंतीच्या मैदानात विकलेली, दोन टाचण्यांची, सोळा पानांची चोपडी क्षणजीवीच्या खात्यात जाणार नाही तर कुठं? तीच चोपडी माझ्या आज्यानं चाळीस वर्षं ट्रंकेत ठेवली. कुणाच्या लेखी क्षण, कुणाच्या लेखी जन्म.

आणि तबकडी, कॅसेट? त्या कायद्याच्या पुस्तकात बसतच नाहीत. म्हणजे कुठल्याही ध्वनिमुद्रणाची प्रत ग्रंथालयाला देण्याची सक्ती या कायद्यानं नाही. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि भीमगीतांचा पूर आला. दीक्षाभूमीवर, चैत्यभूमीवर पोत्यानं कॅसेटी विकल्या गेल्या. आपल्या माणसांचा आवाज पहिल्यांदाच एवढ्या घरांत शिरला. त्यातली एकही ग्रंथालयात आपोआप पोचली नाही, कारण पोचवणं कुणाचं कामच नव्हतं. आता १८६७ चा कायदाही गेला. २०२३ च्या नव्या कायद्यानं नियतकालिकं तेवढी धरली, पुस्तकं सोडली. १९५४ चा उभा आहे, पण त्यात आवाजाला जागा नाही.

हिशेब असा निघतो. परक्या सरकारनं आम्हाला भ्यायचं म्हणून नोंदवलं. आपल्या सरकारला आमची भीती नव्हती, म्हणून नोंदही नव्हती.

५

आता साहेबांच्या त्या प्रश्नाला उत्तर. कशाखाली करू?

अमेरिकेच्या मेलविल ड्यूईनं १८७६ साली सगळ्या ज्ञानाचे दहा भाग पाडले. संगीत ७८० मध्ये. मराठी साहित्य ८९१.४६ मध्ये. लोकसाहित्य ३९८. बौद्ध धर्म २९४.३. समाजातले गट ३०५. आता माझ्या आज्याची चोपडी घ्या. त्यात बाबासाहेबांवरचा पोवाडा आहे, बुद्धवंदनेवरचं गाणं आहे, गिरणीतल्या बदली कामगाराचं गाणं आहे, नवऱ्याच्या दारूवर बायकोनं म्हटलेलं गाणं आहे. कविता म्हणून ८९१ ला गेली तर संगीतवाल्याला दिसणार नाही. ३९८ ला टाकली तर लेखकच नाहीसा होतो, कारण लोकसाहित्याला लेखक नसतो असं धरलेलं. आपल्या रंगनाथनांनी १९३३ साली द्विबिंदू वर्गीकरण काढलं, त्यात एका वस्तूचे अनेक पैलू एकाच नंबरात जोडता येतात. ती वाट जास्त मोकळी. पण फळीवर वस्तू एकाच जागी बसते, म्हणूनच जोडकार्डं हवीत. माझं उत्तर हे: सगळ्यांखाली करा साहेब. एका चोपडीला सहा कार्डं लागली तर सहा लिहा.

मुख्य कार्डाचा नियमही बघा. १९७८ ची इंग्रज-अमेरिकन नियमावली आपल्याकडं ग्रंथालयशास्त्राच्या वर्गात वर्षानुवर्षं शिकवली गेली. ती म्हणते, एकाच रचनाकाराची रचना असेल तर त्याच्या नावाखाली. निरनिराळ्या रचनाकारांची गाणी एकाच गायकानं गायली असतील तर गायकाच्या नावाखाली. आणि माहिती कुठून घ्यायची? पुस्तक असेल तर नावाच्या पानावरून, तबकडी असेल तर लेबलावरून. शेवटच्या कडव्यातलं नाव बघा असं कुठं म्हटलेलं नाही. म्हणजे कार्ड लिहिणारा लेबल उतरवणार, आणि लेबल कंपनी छापणार. माझ्याकडच्या एका कॅसेटच्या कागदावर बारा गाण्यांपुढं कंपनीनं गीतकारच दिलेला नाही. कॅसेट वाजवली तर त्यातल्या चार गाण्यांत शेवटी वामन स्पष्ट ऐकू येतो. कान उघडे ठेवून कार्ड लिहिलं असतं तर चार नावं वाचली असती.

२०१० साली नवे नियम आले. त्यात प्रत्येक माणसाचं गाण्याशी नातं काय ते लिहायची सोय आहे: गीतकार, संगीतकार, गायक, वादक. म्हणजे जागा नाही ही सबब संपली. आता झीलकऱ्यालाही कार्डावर बसवता येतं.

पुस्तकावर पहिलं नाव कुणाचं, हे भांडण जुनं आहे. हॅरी अॅकवर्थ नावाचा इंग्रज अधिकारी, पुढं मुंबईचा म्युनिसिपल कमिशनर. त्यानं शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्याबरोबर मराठी पोवाडे गोळा केले, १८९१ ला छापले, १८९४ ला इंग्रजीत उतरवले. काम मोठं केलं, नाही म्हणत नाही. ते झालं नसतं तर कित्येक पोवाडे गेले असते. पण पोवाडे ज्या गोंधळ्यांच्या तोंडून आले त्यांचं कार्ड कुठाय? जगातल्या ग्रंथालयांत ते पुस्तक अॅकवर्थच्या नावाखाली सापडतं.

विलास घोगरेचंही तसंच. शाहीर विलास घोगरे आपल्या वस्त्यांत गायला. १९९७ च्या ११ जुलैला रमाबाई नगरात गोळीबार झाला, दहा माणसं मेली, आणि चार दिवसांनी विलासनं स्वतःला संपवलं. त्याचं गाणं आज जगभर ऐकता येतं, कारण आनंद पटवर्धनांनी ते १९८५ च्या मुंबईवरच्या फिल्ममध्ये धरलं आणि २०११ च्या 'जय भीम कॉम्रेड'मध्ये त्याची गोष्ट सांगितली. त्यांनी उपकार केले. पण यादीत फिल्म दिग्दर्शकाच्या नावाखाली लागते. विलासच्या नावाचं जोडकार्ड ज्या ग्रंथालयात लिहिलंय तिथंच विलास सापडेल.

६

कुणी म्हणेल, एवढं काय? गाणं लोकांचं झालं हाच शाहिराचा सन्मान. मीही काही दिवस असंच मानायचो. मग कायदा वाचला.

आपल्याकडं कवीचा हक्क तो मेल्यावर साठ वर्षं त्याच्या वारसांकडं राहतो. अण्णा भाऊ १९६९ ला गेले, म्हणजे त्यांचा हक्क २०२९ च्या अखेरपर्यंत. वामनदादा २००४ ला गेले, म्हणजे २०६४ पर्यंत. २०१२ च्या दुरुस्तीनं गीतकाराला रॉयल्टीचा असा हक्क दिला की कंपनीला तो लिहून घेऊन बुडवता येत नाही. पण "पारंपरिक" लिहिलं की सगळं संपतं. परंपरेला वारस नसतो, तिच्या घरी मनीऑर्डर जात नाही. आमच्या बापजाद्यांच्या नावावर जमीन नव्हती ती का, तर कागदावर नाव नव्हतं. गाण्याचंही तेच होतंय. फरक एवढाच की गाणं आम्ही स्वतः केलेलं आहे.

एक धोकाही सांगतो, नाहीतर मी एकच बाजू मांडली असं होईल. यादी पोलिसांच्याही कामाची असते. १८६७ ची यादी कशासाठी होती ते वर सांगितलं. लालबावटा कलापथकाच्या तमाशावर स्वतंत्र भारतातल्या मुंबई सरकारनंच बंदी घातली होती. ज्या शाहिराला आज नाव द्यायचं नाही, त्याचं नाव त्याला विचारल्याशिवाय लिहू नये. गाणाऱ्याची परवानगी हा नोंदीचा पहिला नियम.

आणि आपलीही चूक कबूल करू. जयंतीचं हँडबिल छापताना पाहुण्यांची नावं आपण पदासकट छापतो, गीतकाराचं राहतं. जलशातून कडवं बदलतं, गायक एखादं पदरचं घालतो, ते कुणाचं हे आपणच लिहून ठेवत नाही. जलशानं गण-गवळण टाकून बंधुत्वाचा विचार मांडला. एक जलसा आपल्या दहा सभांच्या बरोबरीचा, असं बाबासाहेब म्हणाल्याचं आपण अभिमानानं सांगतो. मग दहा सभांचं इतिवृत्त ठेवतो आणि जलशाचं नाही, हे कसं?

७

काम करणारी माणसं नाहीत असं नाही. भीमराव कर्डकांनी १९७८ साली आंबेडकरी जलशांवर पुस्तक दिलं, स्वतः केलेल्या कामाची नोंद स्वतःच्या हातानं. वसंत मून यांनी बाबासाहेबांचे कागद जमवून लावले नसते तर १९७९ पासून निघालेले ते जाड खंड आपल्या हातात आले नसते. मुंबईत १९९० साली तबकड्या जमवणाऱ्यांची सोसायटी निघाली. ही माणसं चोरबाजारात फिरून तबकडी हुडकतात आणि लेबलाजवळ मेणात कोरलेल्या नंबरावरून ती कधी, कुठं मुद्रित झाली ते काढतात. गिरणीतल्या लॉट नंबरावरून गाठ ओळखावी तसं.

सगळ्यात मोठा धडा जात्यावरच्या ओव्यांचा. पुण्याच्या हेमा राइरकर आणि गी पॉइटवाँ यांनी हजाराहून जास्त गावांतून एक लाखावर ओव्या गोळा केल्या. लोकगीतच म्हणाल तर याहून लोकगीत कुठलं? तरी त्यांनी पारंपरिक लिहून हात झटकले नाहीत. ओवीला नंबर. ओवी म्हणणाऱ्या बाईचं नाव. तिचं गाव, तिची वस्ती. विषय कोणता ते वेगळं. १९९६ साली बीड जिल्ह्यात माजलगावच्या भीमनगरात आपल्या आयाबायांनी बाबासाहेबांवरच्या ओव्या म्हटल्या, त्या बायांच्या नावासकट आज ऐकता येतात. २०१७ पासून 'परी'नं त्या सगळ्यांपुढं ठेवायला सुरुवात केली. म्हणजे हे होऊ शकतं.

आणि कार्डावरचा शब्द बदलतोसुद्धा. काँग्रेस ग्रंथालयाच्या विषययादीत आपल्या लोकांसाठी "अनटचेबल्स" हा मथळा होता. आता तिथं "दलित्स" आहे. वॉशिंग्टनमधल्या यादीतला शब्द बदलतो तो १९७२ ला पँथर रस्त्यावर उतरली म्हणून, आणि तुमच्या-माझ्यासारख्यांनी वेड्यावाकड्या अक्षरात लिहायला घेतलं म्हणून.

८

मी आज्याच्या ट्रंकेची कार्डं लिहायला घेतली आहेत. पुठ्ठ्याची खोकी गिरणीतून मिळतात, ती कापून. एका गाण्याला एक कार्ड. तुम्हीही करा, वहीत करा नाहीतर मोबाईलमध्ये करा, पण एवढं त्यात असू द्या:

गाण्याचं धृपद, कारण लोक गाणं त्यावरूनच ओळखतात. चाल कुणाची. शब्द कुणाचे, आणि नाव शेवटच्या कडव्यात ऐकलं की चोपडीवर वाचलं तेही. गाणारा, वाजवणारे, झीलकरी. गाव, वस्ती, साल. साल माहीत नसेल तर कशावरून अंदाज केला ते. चोपडी असेल तर छापखाना, पानं, किंमत. तबकडी असेल तर लेबलावरचा आणि मेणातला, दोन्ही नंबर. कॅसेट असेल तर आधी तिची नक्कल करून घ्या, कारण फितीला बुरशी लागते आणि आवाज जातो. दुसऱ्याकडं कडवं वेगळं मिळालं तर खोडू नका, त्याचं दुसरं कार्ड करा आणि दोघांवर लिहा, "हेही पाहा". शेवटी, हे तुम्हाला सांगितलं कुणी आणि कोणत्या दिवशी.

म्हाताऱ्या माणसांकडं आधी जा. चोपडी थांबेल, माणूस थांबत नाही. आणि येत्या ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर जी चोपडी घ्याल तिच्या दोन प्रती घ्या. एक घरी. दुसरी जवळच्या ग्रंथालयात नेऊन टेबलावर ठेवा आणि पोच मागा. नाही म्हणाले तर पुढच्या महिन्यात परत जा. कशाखाली करू असं विचारलं तर आता उत्तर तुमच्याकडं आहे.

एकेकाळी गिरणीत आम्हाला साचेखात्यात घेत नव्हते. धागा तोंडानं ओढावा लागायचा, आमच्या तोंडाचा विटाळ व्हायचा. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी ही मागणी पुढं ठेवली. त्याच तोंडानं आमची माणसं गायली. ती काय गायली आणि कोण गायलं, एवढं लिहून ठेवायला कुणाची परवानगी लागत नाही.

माझं पहिलं कार्ड आज्याचंच झालं. गीतकाराच्या जागी त्याचं नाव घातलं, शेजारी लिहिलं, पाचव्या कडव्यावरून. मग ते कार्ड घेऊन डीजेवाल्या पोराकडं गेलो. पोरगं चांगलं आहे, आपलंच आहे. त्यानं कार्ड वाचलं, आणि म्हणाला, "दादा, मला तीनच कडवी मिळाली होती. बाकीची दोन द्या, पुढच्या साली पुरं वाजवतो."

दिली.